संत एल्विना रडते तेव्हा

सगळे गाव चर्चमध्ये दाटीवाटीने उभे होते. जवाची दारू गाळणारी विधवा आल्डिथ मेणबत्ती घेऊन संत एल्विनाच्या दगडी मूर्तीपुढे आली होती. पापी माणसाने मूर्तीच्या चेहऱ्याजवळ ज्योत धरली की ती रडते, अशी ख्याती होती. मूर्ती रडली, तर आल्डिथला आजच गाव सोडावे लागणार होते.

मी तिथला बिशप. म्हणजे नावाला. माझी उमेदीची सारी वर्षे राजाच्या कचेरीत, फर्मानांवर मेण ओतून शिक्के मारण्यात गेली. पगार देणे जिवावर आले, तेव्हा राजाने मला बिशप करून टाकले. आज प्रथमच गादीवर बसलो होतो आणि शेजाऱ्याच्या ओठांकडे बघत प्रार्थना पुटपुटत होतो.

आल्डिथने ज्योत वर धरली आणि मूर्तीच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळले.

"बघा, आई रडली!" मठाधिपती वॉरिन गरजला. "हिच्या दारूनं गाव नासलं!"

"तुमच्या मठातली आंबट दारू खपत नाही, म्हणून मी पापी होय?" आल्डिथ हुंदका देत ओरडली. "बिशपमहाराज, लेकरं घेऊन मी जाऊ कुठं?"

खरे सांगतो, मीही गहिवरून गुडघे टेकणारच होतो. तेवढ्यात मूर्तीच्या गालावर थिजलेला पांढरा ओघळ दिसला. धर्मशास्त्रात मी ढ, पण मेण मला कळते.

तिच्याकडून मेणबत्ती घेऊन मी कोरड्या उजव्या डोळ्याजवळ धरली. वॉरिन "नको, नको" म्हणेपर्यंत तोही वाहू लागला.

"अगं बाई! बिशपपण पापी?" गर्दीतली एक बाई म्हणाली.

"त्यात नवल काय? राजाचा माणूस तो!"

धक्का कुणालाच बसला नाही. बसला तो मला.

"पापी तर मी आहेच," मी म्हणालो, "पण ते दगडाला कसं कळलं?"

मूर्तीमागे चढताना झग्यात पाय अडकून आपटलो. लोक पोटभर हसले. पुन्हा चढलो आणि डोक्यामागची झाकणी काढली. आत पोकळीत पाणी होते. डोळ्यांची भोके मेणाने बुजवलेली. ज्योतीने मेण वितळले की पाणी बाहेर. ज्याला सोडायचे, त्याच्या वेळी वॉरिन पाणीच भरत नसणार.

"आल्डिथ कुठंही जाणार नाही. आणि लोकहो, मी सांगतो म्हणूनही मानू नका. मी कसला बिशप ते पाहिलंतच! दगड रडला तर आधी दगड तपासा, माणसाला मग हाकला. या, आत हात घाला."

पहिली आल्डिथच चढली. कोपरापर्यंत हात घालून तिने ओला पंजा साऱ्या गावासमोर धरला.

"पाणीच आहे गं, बायांनो!"