टकटक करणारा मी नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून रुबाबात फिरणारा पंखा डोळ्यांसमोर आणू नका. मी जेमतेम तळहाताएवढा आहे आणि माझा सगळा जन्म एका संगणकाच्या पेटीत, अंधारात आणि धुळीत गेला. पेटीतली गरम हवा बाहेर फेकणं हे माझं काम. घरात कुठेही खुट्ट झालं की शिव्या खाणं, हेही माझंच काम.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. समुद्र ओलांडून क्युबाला आलो आणि लास तुनास गावात ओस्मुंदो न्हाव्याच्या घरी पोचलो, एवढंच आठवतं. ओस्मुंदो दिवसा केस कापायचा आणि सणासुदीला उभ्या उभ्या कवनं रचून गायचा. समोरून कुणी एक ओळ फेकली की तो टेबलावर बोटांनी टकटक करायचा, डोळे मिटायचा आणि दहा ओळींचं कवन सुरात सोडून द्यायचा. कागदावर मात्र त्याने कधी एक अक्षर लिहिलं नाही.

"लिहून ठेवलेलं कवन म्हणजे कालची कॉफी," तो म्हणायचा.

शेवटी त्याच्या बायकोने, एनेइदाने, हट्टच धरला. मग तो संध्याकाळी संगणकासमोर माईक घेऊन बसू लागला. त्याचा आवाज माझ्या शेजारच्या डिस्कमध्ये जमा होऊ लागला. डिस्क म्हणजे ती चपटी डबी, संगणकाची सगळी आठवण जिच्या पोटात असते. मोठी सभ्य होती ती. हलकेच गुणगुणायची, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खरं सांगू? मला ती पहिल्यापासून खटकायची. जो कधी ब्र काढत नाही, त्याच्या पोटात काय शिजतंय हे कळणार कसं?

मी मात्र खुलेआम घरघरायचो. तेव्हा माझं कौतुकही व्हायचं. ओस्मुंदो पेटीमागे हात धरून म्हणायचा, "एनेइदा, बघ काय वारा सोडतोय! या घरात सगळ्यात कष्टाळू हाच."

"तुझ्याहून तर नक्कीच," ती स्वयंपाकघरातून ओरडायची.

एनेइदा संशयी बाई. दुरुस्तीवाले चांगला भाग काढून घेतात आणि आपला मेलेला भाग बसवतात, असं सगळी गल्ली म्हणायची. म्हणून तिने एकदा पेटी उघडून आतल्या प्रत्येक भागावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. माझ्या पोटावरच्या चिकटपट्टीवरही दिला. त्या ठिपक्याचा मला अभिमान होता. आपण कुणाचे तरी आहोत असं वाटायचं.

गेल्या वर्षी ओस्मुंदो गेला. अंगणात खुर्चीत बसल्या बसल्या गेला. घरात उरल्या एनेइदा आणि त्याची बहीण बेल्कीस. आणि ओस्मुंदोचा आवाज उरला तो फक्त त्या डिस्कमध्ये.

त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. धूळ बसली, अंगातलं तेल सुकलं, माझा आवाज बसला. मी फिरलो की घर्रर्र, घर्रर्र. बेल्कीस कानावर हात ठेवायची. "वहिनी, तो पंखा बोंबलतोय बघा. सगळं बिघडवणार तो मेला एक दिवस!"

मी बोंबलत होतो, कबूल. पण त्या बोंबलण्याखाली आणखी एक आवाज होता, तो फक्त मला ऐकू येत होता. टक. टक-टक. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. दर वेळी वीज गेली की डिस्क दचकून थांबायची आणि परत आली की आतल्या आत काहीतरी आपटायचं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही डिस्कबाई आजारी आहे आणि कुणाला सांगत नाही! पण मी काय करणार? माझ्या घरघरीत तिची टकटक बुडून जायची आणि खापर माझ्या माथी फुटायचं.

शेवटी बेल्कीसने युस्निएलला बोलावलं. युस्निएल म्हणजे दर आठवड्याला एका डिस्कमध्ये नवे सिनेमे आणि मालिका भरून घरोघर पोचवणारा गडी. दुरुस्तीही करायचा. तो आला तशी एनेइदा स्टूल ओढून त्याच्या हाताशीच बसली.

"मावशी, जरा उजेड सोडा की."

"उजेड हवा तर खिडकीत बस. हात मला दिसले पाहिजेत."

त्याने पेन्सिलीचं टोक माझ्या पात्यात घालून मला थांबवलं, पुन्हा सोडलं. "हा कोरडा पडलाय," म्हणाला आणि माझ्या पोटावरची चिकटपट्टी सोलायला लागला.

एनेइदा ताडकन उठली. "अरे, माझी खूण काढतोस! डोळ्यांदेखत!"

"मावशी, तेल घालायचं भोक या पट्टीखालीच असतं. ती न काढता तेल कसं घालू?"

"पट्टी माझ्या हातात दे."

तिने ती पट्टी मुठीत धरून ठेवली. त्याने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब माझ्या पोटात सोडला. अहाहा! किती दिवसांनी मी गुपचूप फिरलो. एनेइदाने पट्टी परत चिकटवली, ठिपका पुन्हापुन्हा निरखला. मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

पण घर शांत झालं आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. टक. टक-टक.

एनेइदाचा चेहरा एकदम उजळला. "ओस्मुंदो!"

ती धावत गेली आणि पाण्याने भरलेला पेला घेऊन आली. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी पाण्याचा पेला उंच जागी ठेवतात. तिने तो थेट पेटीवर ठेवला, बरोबर माझ्या डोक्यावर!

युस्निएलचं तोंड उतरलं. "मावशी, हे काका नाहीत. डिस्क मरायला टेकलीय. आत्ताच्या आत्ता बंद करा आणि मला ती घरी नेऊ द्या. आत जे असेल ते वाचवून बघतो."

"घरी?" एनेइदाचे डोळे बारीक झाले. "आलास ना मुद्द्यावर! पंख्याचं निमित्त आणि डोळा डिस्कवर. चल, नीघ."

तो बिचारा पेचकस खिशात घालून निघून गेला.

त्यानंतर ती रोज सकाळी संगणक चालू करायची, पहिली कॉफी पेल्याशेजारी ठेवायची आणि टकटक ऐकत बसायची. गाणं लावायचीच नाही. "तो स्वतः आलाय तर रेकॉर्ड कशाला?" म्हणायची. वर पेल्यातलं पाणी थरथरायचं आणि खाली माझा जीव थरथरायचा. डिस्कची धडधड दिवसेंदिवस वाढत होती. ती मरणार, तिच्याबरोबर ओस्मुंदोचा आवाज मरणार, आणि ही बाई हसतमुखाने कॉफी पीत तेच ऐकत बसलीय! मला तिचा राग यायचा, आणि कीवही यायची.

एके दिवशी दुपारी बेल्कीसला भावाचं कवन ऐकावंसं वाटलं. तिने लावलं. दोन ओळी झाल्या आणि आवाज अडकला. पुढे नुसतं टक-टक-टक.

"रुसलाय तो," एनेइदा म्हणाली.

"वहिनी, भाऊ माझाही होता! तो आला असता तर आधी माझ्याशी भांडला असता. मी युस्निएलला आणते, मग तुम्ही मला घराबाहेर काढा हवं तर."

युस्निएल आला, पण उंबऱ्यातच थांबला. "मावशी, मी कशाला हात लावत नाही. एकच विचारतो. काकांना यायला वीज लागते का?"

"म्हणजे?"

"आता वीज जाईलच. गेल्यावर पेटीला कान लावा. काकांनी टकटक केली तर मी तुमची माफी मागेन आणि दर आठवड्याला पेल्यात पाणी मीच भरीन."

तिघं वाट बघत बसली. थोड्या वेळाने वीज गेली, रोजच्यासारखीच. मी फिरत फिरत थांबलो. एनेइदाने पेला उचलून खाली ठेवला आणि पेटीवर कान टेकला. किती वेळ! तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"ओस्मुंदो," ती हळूच म्हणाली. "एकदाच."

पेटी गप्प होती. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपणच एक टिचकी मारावी. पण मला वीज लागते, आणि खोटं बोलायला मला जमत नाही.

तिने डोळे पुसले. "उघड," ती म्हणाली. "पण इथेच. माझ्यासमोर."

वीज आल्यावर युस्निएलने आपली डिस्क जोडली. तिच्यात जागाच नव्हती. पूर्ण आठवड्याच्या मालिका होत्या, अजून निम्म्या गल्लीत पोचायच्या होत्या. त्याने एकदा कपाळाला हात लावला आणि सगळ्या पुसून टाकल्या.

"अरे, लोक तुला फाडून खातील!" बेल्कीस म्हणाली. "मालिकेत उद्या नायिकेचं लग्न आहे!"

"होऊ दे तिचं लग्न माझ्याविना."

एनेइदा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने आपलं स्टूल मागे सरकवलं आणि उजेड सोडला.

म्हातारी डिस्क तापत होती. तापली की अडकत होती. युस्निएलने मला जागेवरून काढलं आणि तारेने बांधून तिच्या तोंडासमोर उभं केलं. जिच्यावर मी आयुष्यभर संशय घेतला, तिलाच वारा घालायची पाळी माझ्यावर आली! मी घातला. जीव तोडून घातला. कवनामागून कवन बाहेर येत गेलं आणि शेवटच्या काही ओळी यायच्या राहिल्या तेव्हा डिस्कने एक लांब कर्र केलं आणि ती थांबली. तेवढ्या ओळी गेल्या. बाकी सगळं वाचलं.

युस्निएलने आपल्या डिस्कमधून पहिलं कवन लावलं. आधी खुर्ची करकरली. मग कुणीतरी खाकरलं. मग टेबलावर बोटं वाजली, हलकी, सावकाश, विचारात पडलेल्या माणसाची. आमच्या डिस्कच्या आदळआपटीसारखी ती टकटक मुळीच नव्हती.

एनेइदाने तोंडावर हात ठेवला. "हीच. हीच त्याची." मग ती रडता रडता हसायला लागली. "आणि इतके दिवस मी कॉफी कुणाला पाजत होते गं?"

"लोखंडाला," बेल्कीस म्हणाली आणि वहिनीच्या गळ्यात पडली.

आता पाण्याचा पेला कपाटावर असतो, आणि संध्याकाळी वीज जायची वाट न बघता एनेइदा स्वतः संगणक बंद करते. कोंबडीच्या पिसाने माझी धूळ झाडते. तारेने बांधलेला मी युस्निएलने इथेच ठेवलेल्या नव्या डिस्कसमोर आहे. ही नवीही फार सभ्य आहे. माझं लक्ष आहे तिच्यावर.

मित्रांनो, यंत्र कुरकुरलं की त्याला शिव्या घालू नका. आधी कान द्या, आवाज कुणाचा ते ओळखा. आणि तुमच्या माणसांचा आवाज एकाच डबीत ठेवू नका. ओस्मुंदोच्या शेवटच्या ओळी कोणत्या होत्या, एनेइदा मला रोज विचारते. तो त्या गात होता तेव्हा मी शेजारीच होतो. पण त्या वेळी मी स्वतःच घरघरत होतो.