शेजारची कोरी सीट

मित्रांनो, मी दोनच माणसांची एक जुनी गाडी आहे. छप्पर कापडी, हाताने मागे दुमडायचं. मागे सीट नाही आणि डिकीत एक बॅग कशीबशी मावते. इमारतीच्या तळमजल्यावर, एक खांब आणि पाण्याचा पंप यांच्या मधे माझी जागा आहे. अंगावर खोळ असते, त्यामुळे सकाळ झाली हे मला पंपाच्या घरघरीवरून कळतं.

आमच्या घराण्यात सगळ्यांत कमी किमतीची मीच. थोरल्या बहिणींना बटण दाबून उघडणारं छप्पर आणि चामड्याच्या सीट. माझ्या वाट्याला कापडी सीट आणि साधे आरसे. शोरूममध्ये मला अगदी काचेजवळ उभं केलं होतं. माझ्यापुढच्या फलकावर किमतीच्या आधी ‘फक्त’ असं लिहिलं होतं. तो शब्द वाचून लोक आत येत आणि पुढचा आकडा वाचून दोन पावलं मागे सरत. मग माझ्याबरोबर फोटो काढून घेत आणि घरी नेत ती चार दारांची गाडी. दिवसभर सगळे मला ‘काय सुंदर’ म्हणत. संध्याकाळी दिवे मालवले की त्या शब्दांची ऊब राहत नसे.

एक दिवस एक आजोबा आले. तीस वर्षं बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले. विक्रेत्याने माहितीपत्रक पुढे ठेवलं आणि पाठ म्हणायला लागला. दीड लिटरचं इंजिन, पाच गिअर, आठ सेकंदांत शंभराचा वेग.

“आठ सेकंदांत?” आजोबा म्हणाले. “तेवढ्यात माझ्या बसचं दारही लागायचं नाही.”

“काका, पण सीट दोनच आहेत बरं का. नंतर म्हणाल सांगितलं नाही.”

“दोनच हव्यात. आयुष्यभर पन्नास माणसं पाठीमागे बसवली. शेजारी बायकोला कधी बसवता आलं नाही.”

ते पत्रक त्यांनी आठवडाभर वाचलं. टायरचा आकार आणि टाकीत किती पेट्रोल मावतं, सगळं तोंडपाठ. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सीटची जमिनीपासूनची उंची दिली होती. ती गुडघ्याच्याही खाली येत होती. ती ओळ त्यांनी सोडली. मित्रांनो, त्यांना दोष कसा देऊ? तीस वर्षं हा माणूस तीन पायऱ्या चढून आपल्या सीटवर बसला. गाडीत बसायला खाली उतरावं लागतं, हे त्यांच्या डोक्यात यावं तरी कसं?

मला घरी आणलं तेव्हा आजी फाटकाशी आल्या. त्यांनी मला बघितलं, मग आजोबांना बघितलं.

“अहो, डॉक्टरांनी मला जमिनीवर बसू नको म्हटलंय. आणि तुम्ही चाकं लावलेली जमीन आणलीत?”

तरी त्या बसल्या. एक हात दारावर, एक आजोबांच्या खांद्यावर, आणि धपकन खाली. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. वारा लागला तसा आजींनी पदर दाबून धरला.

“इतकी वर्षं तुमच्या बसमध्ये मागे बसून तुमचं डोकंच बघितलं,” त्या म्हणाल्या. “टक्कल पडायला लागलं ते तुमच्या आधी मला कळलं होतं.”

मी तेव्हा किती जपून चालले, काय सांगू.

परतल्यावर त्यांना उठता येईना. लेकीने दोन्ही हात धरून ओढलं, शेजारीण पाठीला टेकू द्यायला धावली. पहिल्या दोन खेपांना सगळे हसत होते. तिसऱ्या खेपेला आजींचा गुडघा कटकन वाजला आणि त्यांचं हसू थांबलं. आजोबा नुसते उभे होते.

त्यानंतर आजी बसल्या नाहीत.

“हळूच बस, मी धरतो,” आजोबा म्हणायचे.

“तुम्ही या जाऊन. मी वरून बघते.”

त्या गॅलरीत उभ्या राहायच्या आणि आम्ही दोघं जायचो. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी. वळणावर पडू नये म्हणून आजोबा पट्टा कोबीला बांधायचे. सिग्नलला पोरं म्हणायची, “वा आजोबा!” आणि ते हसायचे. सिग्नल सुटला की हसूही सुटायचं.

मग त्यांची नजर अधू झाली आणि परवान्याचं नूतनीकरण झालं नाही.

“बाबा, विकून टाका आता,” लेक म्हणाली. “किंमत चांगली येईल. अर्धी गाडी अजून कोरी आहे.”

“तुझी आई एकदा नीट बसू दे. मग बघू.”

त्या एका ‘एकदा’साठी मी इथे थांबले. आजोबा दुपारी येतात, खोळ काढतात, छप्पर दुमडतात आणि आत स्टिअरिंग धरून बसतात. मी जागची हलत नाही.

परवा ते असेच बसले असताना आजी खाली आल्या, हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन. माझं दार त्यांनी उघडलं. मला वाटलं, आली वेळ. त्यांनी खुर्ची दाराशेजारी मांडली आणि तिच्यावर बसल्या. दोघांची डोकी एका पातळीवर नव्हती. आजोबा खाली, आजी वर.

“घ्यायच्या आधी मला एकदा विचारायचंत,” त्या म्हणाल्या.

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“नको कशाला म्हणेन? थोडी उंच घ्या म्हटलं असतं.”

मग स्टिअरिंगला धरून, कण्हत, आजोबा बाहेर आले. वर जाऊन दुसरी खुर्ची घेऊन आले आणि आजींच्या शेजारी मांडली. अंधार पडेपर्यंत दोघं तिथे बोलत बसले होते. माझ्या दोन्ही सीट रिकाम्या होत्या.

आता आजोबांच्या होकाराने लेकीने गिऱ्हाईक बघायला घेतलं आहे. मित्रांनो, जो कुणी मला नेईल त्याने मला चालतं ठेवावं. उभ्या उभ्या मी गंजते. आणि तुम्ही उद्या आपल्या माणसासाठी काही आणायला निघालात, तर त्याला कळू न देता आणायचा मोह होईल. तेव्हा थोडं थांबा. आधी त्याच्याजवळ बसा आणि कुठे दुखतं ते विचारा.