खारीच्या पिल्लाचं नवं घर

"आता जे सांगतो ते अख्ख्या पारोळ्यात कोणाला खरं वाटणार नाही," अशी बढाई मारल्याशिवाय रुपचंद नाना गोष्टीला हातच घालायचे नाहीत. शाळेतल्या ज्योत्स्ना बाईंनी नातीसाठी चित्रांचं पुस्तक दिलं, तेव्हाही तेच. पुस्तकात खार दुसरं लग्न करते, पिल्लाला नवा बाप मिळतो. बाई म्हणाल्या होत्या, रूपाला रोज वाचून दाखवा, म्हणजे पिंपळनेरच्या घरी पोरगी बुजणार नाही.

नवरा वारल्यावर रूपाच्या आईने, हेमलताने, पिंपळनेरच्या गिरधरशी पाट लावला होता. त्याची आधीची दोन लेकरं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येईन तेव्हा रूपाला घेऊन जाईन, असं ती नानांना सांगून गेली होती. त्या शब्दावर नानांनी पुस्तकात मनसोक्त भर घातली. नव्या बापाने आंब्यात सातमजली ढोली कोरली, दाराशी मोर बसवले, पिल्लासाठी शेपटीचा झोका बांधला. रूपा खदखदून हसायची आणि जाऊन पिशवीत आणखी एक फ्रॉक कोंबायची.

आखाजीला हेमलता आली. रूपा सणासाठी बांधलेला झोका सोडून धावली, तर आईच्या कडेवर गिरधरची धाकटी, बोटाला मोठा. दुपारी मांडे-आमरस झाल्यावर हेमलताने नानांना ओट्यावर गाठलं. सासूला तिसरं लेकरू नको होतं, गिरधर तोंड उघडत नव्हता.

"तुम्हीच सांगा तिला, नाना. तुमचं ऐकते ती."

रूपा शेजारच्या झोक्यावर होती, तेवढ्यात हेमलता त्या दोघांना घेऊन एसटीला गेलीसुद्धा. नानांच्या ध्यानात आलं. लेकीने आपल्यालाही बनवलं, आणि आपल्याच तोंडून पोरीला.

रूपा पिशवी घेऊन ओट्यावर आली. आई कुठंय, तिने विचारलं. नानांनी घाईघाईने पुस्तक उघडलं.

"अगं, पिल्लाची आई पुढे गेली, ढोली झाडायला. मागून मोर येणार न्यायला. कोणाला खरं वाटणार नाही, पण..."

रूपाने पुस्तक ओढून घेतलं. शाळेत ती नुकतीच वाचायला लागली होती. अक्षरांखाली बोट सरकवत ती एकेक शब्द लावू लागली.

"पिल्लू आईच्या पाठीवर बसलं. दोघं मिळून नव्या घरी गेली."

हे जुनं छापलेलं आहे, पुढे बदललंय, असं काहीबाही नाना पुटपुटले. रूपाने पान उलटलं. चित्रात ढोली होती, आणि आत पिल्लू आईला चिकटून झोपलेलं.

"हाई बठ्ठं खोटं शे, नाना," ती अहिराणीत म्हणाली. "पिल्लानी माय त्याले संगे लई गई. मनी माय माले सोडी गई."