काकडीची मनःशांती

गंगापूर रोडच्या आमच्या देवळात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कीर्तनकारांच्या गादीवर मनोदीपबाबा बसले होते. पुढ्यात त्यांचं यंत्र : एक डबी, वर दिवा, बोटांना लावायचे दोन चिमटे.

"माऊली, तीर्थ घ्या, बोटांना चोळा. आता चिमटे!"

दिवा लाल.

"पाहा, मनात केवढं काहूर!" मग बाबा त्याच बोटांना मूठभर विभूती चोळत. पुन्हा चिमटे, दिवा हिरवा. "जोडलं तुम्हाला ब्रह्मांडाच्या वायफायला!"

टाळ्यांचा कडकडाट.

माझी सून छाया शाळेत विज्ञान शिकवते. बाळंतपणानंतर तिचं मन आजारी पडलं. डॉक्टरीणबाई व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलायच्या, गोळ्या चालू होत्या, ती पुन्हा हसायला लागली होती. महिनाभरापूर्वी बाबांनी तिचा दिवा हिरवा केला आणि फर्मावलं, "गोळ्या बंद, तो कॉलही बंद!" खचलेली ती, ऐकलं तिनं. त्या दिवशी सकाळी बाळ माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आई, माझ्याविना याचं बरं होईल."  बाबांनाच जाब विचारायचा, म्हणून संध्याकाळी तिला देवळात घेऊन आले.

बाबांनी तिच्या बोटांना विभूती चोळली, चिमटे लावले. हिरवा! "पूर्ण शांत!"

छायाच्या डोळ्यांना तर धार लागली होती.

माझ्या टोपलीत मळ्यातल्या काकड्या होत्या. एक मोडली नि पुढे केली. "बाबा, हिचंही मन बघा."

"अहो आजी, काकडीला कुठलं मन?"

"चराचरात देव आहे, याच गादीवरून ऐकलंय मी!" चिमटे ओढून घेतले, ओल्या गरात खुपसले. लाल! कोरड्या सालीवर लावले. हिरवा!

"काकडीला कसलं हो टेन्शन?" मागून भिका टाळकरी ओरडला. "कोशिंबिरीचं?"

सगळं देऊळ हसलं. छायाही हसली, कितीतरी दिवसांनी. मग वर्गात बोलावी तशी खणखणीत बोलली, "ओल्या बोटांतून वीज वाहते, म्हणून लाल. कोरडी राख तिची वाट अडवते, म्हणून हिरवा. मनाचा यात काही संबंध नाही."

"नास्तिक! देवाची निंदा!" बाबा कडाडले.

"जन्म गेला माझा कीर्तनं ऐकण्यात," मी म्हटलं. "माझ्या देवाला बॅटरी लागत नाही. उठा त्या गादीवरून!"

बाबा उठले, निघून गेले. डबी तिथंच राहिली.

पायरीवर बसून छायानं हात पुढे केला. "आई, फोन द्या. डॉक्टरीणबाईंना कॉल लावते."

यंत्र ती डबीही होती आणि हा फोनही. पण फोनच्या पलीकडे शिकलेलं माणूस होतं. बायांनो, देवापुढे हात जरूर जोडा. मन दुखलं तर डॉक्टर गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर आधी काकडीवर करून बघा.