चौथा सामना

खमैसने चहाचा ग्लास टेबलावर आपटला आणि फर्मान काढलं, "बेरीज कारकुनांसाठी, हमादी. देवाने मर्दांना दिला तो गुणाकार!"

ला गुलेतच्या बंदरावरचं अख्खं कॅफे आदराने गप्प झालं. गेल्या वीस वर्षांत खमैसची एकही जोडपैज लागलेली नव्हती, पण तो बोलायचा असा, की हे कुणाला आठवायचंच नाही.

आठवलं ते वेटर रिधाला. त्याने मानाचं 'सी' लावूनच विचारलं, "मग मर्दांनी आजवर गुणाकारात काय मिळवलं, सी खमैस?"

"तू साखर आण."

खमैसचा गुणाकार साधा होता. चार सामने एकाच चिठ्ठीत गुंफायचे. पहिला बरोबर आला, तरी पैसे हाती पडत नाहीत. ते सगळेच्या सगळे दुसऱ्या सामन्यावर जाऊन बसतात, दुसऱ्याचे तिसऱ्यावर. असे वाढत जातात, की माणसाला शेवटी बोलायला सुचू नये. फक्त चारांतला एक चुकला, की उरलेले तीन बरोबर येऊन उपयोग शून्य.

आणि एक चुकायचाच. अख्ख्या कॅफेसारखाच खमैसही जन्माने लाल-पांढऱ्या संघाचा, आणि पिवळे त्यांचे हाडवैरी. बाकी कुठल्याही संघाची नाडी तो पेपरात नुसती नावं वाचून सांगायचा. वारा कुठून सुटलाय, कुठल्या बचावपटूचं बायकोशी वाजलंय, सगळं हिशेबात धरायचा. सांगेल ते व्हायचं. पण पिवळे म्हटले, की त्यांच्या विरोधात लिहिणार म्हणजे लिहिणार. पिवळे मात्र नेमाने जिंकायचे.

हमादीच्या होडीची मोटर कायमची बसली, तेव्हा त्याने साठवलेले दोनशे दिनार खमैसकडेच नेऊन दिले. सोमवारी होडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं, दुसरा उपाय सुचत नव्हता. होडी गेली, की बापाच्या जागेवरून उठून दुसऱ्याच्या जहाजावर जाळी ओढायची.

"पिवळ्यांचा सामना यात घेऊच नका ना, सी खमैस," तो तेव्हा हळूच म्हणाला होता.

"न घेणं म्हणजे ते जिंकणार हे कबूल करणं! वर गेल्यावर बापाला काय तोंड दाखवू?"

चिठ्ठी खमैसच्या खिशात गेली. ज्याने लिहिली त्यानेच ठेवायची, दुसऱ्याने डोकावलं तर नजर लागते, असा तिथला रिवाज.

शनिवारी तीन सामने खमैसने लिहिल्याबरहुकूम झाले. दोनशेचे बाराशे झाले, पण ते सगळे उठून रविवारच्या चौथ्या सामन्यावर जाऊन बसले. तो होता पिवळ्यांचा, स्फाक्सच्या मैदानावर. स्फाक्सला हरवणं यंदा कुणालाच जमलं नव्हतं. हमादीला वाटलं, या खेपेला म्हाताऱ्याचा हट्टच कामाला येईल.

पिवळ्यांनी पहिला गोल केला. कॅफेभर शिव्या उसळल्या. हमादीने कपाळाला हात लावला.

"अरे, अजून वेळ आहे," रिधा म्हणाला. "मोटरच्या मयताला आत्ताच जाऊ नकोस."

उत्तरार्धात स्फाक्सने बरोबरी केली. हमादी खुर्चीवर चढून ओरडला, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा मुका घेतला. उतरताना त्याची नजर खमैसवर गेली. खमैस बसूनच होता. चष्मा पुसत होता, आणि पुसून झालेली काच पुन्हा पुसत होता.

"अहो, गोल झाला!"

"दिसला," खमैस म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता.

शेवटच्या मिनिटाला पिवळ्यांच्या पोराने लांबून चेंडू मारला. तो खांबाला लागून आत गेला.

मग एकजात सगळे तुटून पडले, पंचावर, वाऱ्यावर, पिवळ्यांच्या सात पिढ्यांवर. सर्वांत वरचा आवाज खमैसचा होता. तो उभा राहून असा काही शिव्या देत होता, की रिधाने ट्रे खाली ठेवून ऐकल्या. शेवटी खमैस धापा टाकत खाली बसला.

हमादी मान खाली घालून बसला होता. होडीला गिऱ्हाइकाने काय भाव दिला तर हो म्हणायचं, याचा विचार त्याने सुरू केला होता.

तेवढ्यात टेबलाखाली एक हात आला आणि त्याने हमादीचा गुडघा दाबला. घट्ट दाबला, आणि सोडेना.

हमादीने वर पाहिलं. खमैसचं तोंड अजून पिवळ्यांच्या नावाने पुटपुटत होतं. डोळे भरलेले. हात मात्र गुडघा दाबतच होता, आणि त्या दाबण्याचा त्या तोंडाशी काही मेळ बसत नव्हता. हमादीच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. आलं, तेव्हा त्याला खुर्चीवर चढावंसं वाटलं नाही. त्याने नुसता आपला हात टेबलाखाली नेऊन त्या हातावर ठेवला.

"सी खमैस... तुम्ही पिवळ्यांवर लावले?"

"हळू बोल."

आजूबाजूला खुर्च्या सरकत होत्या, माणसं तोंडं पाडून घरी निघाली होती. खमैस पुढे वाकला.

"कुणी विचारलं, तर नव्या मोटरचे पैसे मार्सेयच्या मेव्हण्याने पाठवले म्हणून सांग."

"मला मार्सेयला मेव्हणा नाही हो."

"मग सोमवारपर्यंत एक बघून ठेव."