समासातली बहीण

मी एक वंशावळ बोलतेय. नाव ऐकून लगेच सावरून बसू नका. शिक्कामोर्तब, ताम्रपट असलं माझ्याकडे काही नाही. पाच पिढ्या आहेत, त्यातल्या दोन ऐकीव.

माझा जन्मच मुळी चुकीतून झाला. मी एका पादत्राणांच्या दुकानाची जाहिरात होणार होते. 'टिकाऊ बुटांची भव्य विक्री' असं छापायचं होतं, छापलं गेलं 'टिकाऊ बेटांची भव्य विक्री'. छापखान्यातल्या मुद्रितशोधकांनी ते वेळीच पकडलं आणि मी रद्दीत पडले. पण माझी पाठ कोरी होती, कागद जाड होता. वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यांनी मला गुंडाळून घरी नेलं. तेच माझे मालक.

मालकांनी छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. सवय हाडात मुरलेली. एकदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सामानाच्या यादीत 'पिठ' लिहिलं. मालक दुकानातून परत आले ते यादीत 'पीठ' करून. पीठ आणायला विसरले.

निवृत्त झाल्यावर काढायला चुका उरेनात. तेव्हा त्यांना घराण्याची आठवण झाली. जेवणाच्या टेबलावर मला पसरलं, पट्टी घेतली आणि पक्क्या शाईनं चौकटी आखल्या. वडिलांची चौकट, आईची चौकट, त्यांच्याखाली स्वतःची. आपल्या नावापुढे कंसात लिहिलं, 'एकुलता एक'. शिवाय त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मी बैठकीच्या खोलीत भिंतीवर चढले आणि फुगले. वाटायचं, या घराचं खरंखोटं आपल्याइतकं कुणाला ठाऊक? येणारे पाहुणे दोन मिनिटं माझ्याकडे बघत आणि मग बराच वेळ दाराकडे.

एकच तारीख कमी होती, आईवडिलांच्या लग्नाची. मालक नोंदणी कार्यालयात गेले आणि तांबडेलाल होऊन परत आले.

"बाबांच्या नावावर एक मुलगी दाखवलीय! माझ्या आधी पाच वर्षं. आईच्या जागी भलतंच नाव. कारकुनाचा गोंधळ, दुसरं काय!"

"आणि गोंधळ नसला तर?" काकूंनी विचारलं.

"उद्याच दुरुस्तीचा अर्ज देतो."

दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून मलाही काखोटीला मारलं. आता माझा थाट बघा. सरकारी नोंदीविरुद्ध साक्ष द्यायला मी निघाले होते, पाठीवर बेटं विकत!

नोंदणीवाल्या बाईंनी मला उलगडलं, वाचलं आणि शांतपणे विचारलं, "काका, हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"आणि ही सही कुणाची?" त्यांनी जुनी नोंदवही पुढे सरकवली.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून पहिल्या अक्षराला टेकवलेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर तिमाहीला त्यांनी हीच सही पाहिली होती. अर्ज त्यांनी घडी करून खिशात घातला. मला तर बाकावरच विसरले. बाईंनी हाक मारून परत दिलं.

तिथून ते थेट आत्याकडे गेले. वडिलांची ही धाकटी बहीण, शहाऐंशी वर्षांची. कान पार गेलेले, पण हा प्रश्न तिला पहिल्या फटक्यात ऐकू आला.

"होती," आत्या म्हणाली. "दादा थिएटरात सिनेमाचं यंत्र चालवायला परगावी राहायचा. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सशी त्यानं लग्न केलं, कुणाला न सांगता. कळल्यावर आमच्या आईनं अन्न सोडलं. दादा परत आला. पोर तेव्हा चार महिन्यांची."

"परत आले आणि पुन्हा गेलेच नाहीत?"

"नाही."

"पैसे? पत्र? काहीच नाही?"

"काहीच नाही."

"आत्या, तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस? घरी येऊन माझ्या पत्रातल्या वेलांट्यांच्या चुका काढत बसायचास."

घरी आल्यावर मालकांनी मला पुन्हा भिंतीवर चढवलं नाही. टेबलावर पसरलं आणि बराच वेळ वडिलांच्या चौकटीवर बोट ठेवून बसले. मला वाटलं, आता खोडतात. पण त्यांनी पेन्सिल घेतली आणि उजव्या समासात नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं.

मग शोध सुरू झाला आणि माझं रूप गेलं. दवाखान्याच्या जुन्या हजेरीपटात नर्सबाई सापडल्या. तिथून त्यांच्या घराचा पत्ता, पत्त्यावरून मुलीची शाळा, शाळेच्या दाखल्यावरून तिनं पुढे काढलेला टायपिंगचा वर्ग. प्रत्येक धागा माझ्या समासात टिपला जाई, चुकला की खोडला जाई. महिन्याभरात माझा समास चिघळलेल्या जखमेसारखा दिसायला लागला. टायपिंगचा वर्ग बंद पडला होता, पण शेजारच्या घड्याळजीनं सांगितलं, "बाई आहेत की. मागच्याच गल्लीत राहतात."

मालक त्या गल्लीच्या तोंडाशी गेले आणि तसेच माघारी आले.

"काय तोंडानं दार वाजवू?" ते काकूंना म्हणाले. "मला बाबांनी सायकल शिकवली. तिला काय दिलं?"

"तेच लिहा," काकू म्हणाल्या.

त्यांनी पत्र लिहिलं. अकरा वेळा तपासलं. पाठवून तीन आठवडे झाले तरी उत्तर नाही. फोन वाजला की मालक उठून उभे राहत, आणि मग काकूंना उगाच चष्मा कुठंय असं विचारत. तो डोळ्यांवरच असे.

शेवटी फोन आला. पलीकडचा आवाज एवढा खणखणीत, की मलाही ऐकू आला.

"पत्र मिळालं. तुम्ही माझ्या आईचं नाव चुकीचं लिहिलंय. दुसरं अक्षर दीर्घ आहे."

उभ्या आयुष्यात मालकांची चूक कुणी काढली नव्हती. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

रविवारी सकाळी ती आली. बहात्तर वर्षांची, ताठ. चहाला नको म्हणाली, सरळ माझ्यासमोर उभी राहिली आणि मला ओळीनं वाचत गेली.

"हे प्रश्नचिन्ह म्हणजे मी?"

"हो. म्हणजे, खात्री नव्हती तेव्हा... आता नाव लिहितो. इथे, बाबांच्या खाली." मालकांनी घाईघाईनं पेन उचललं.

"थांब," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "आधी माझ्या आईला लिही. दिवसपाळी, रातपाळी करून तिनं एकटीनं मला वाढवलं. तुझ्या वडिलांबद्दल वाईट शब्द काढला नाही, चांगलाही नाही. ती ज्या कागदावर नाही, त्या कागदावर मी येणार नाही."

वडिलांच्या आणि आईच्या चौकटींमध्ये बोटभरही जागा नव्हती. पट्टीनं आखून, मोजून मापून, ती ठेवलीच नव्हती! मालकांनी लाल पेन घेतलं. दोन चौकटींच्या मधे खाली हंसपद काढलं, मजकुरात राहून गेलेला शब्द घालताना छापखान्यात काढतात तसं. त्यावर नर्सबाईंचं नाव लिहिलं. दुसरं अक्षर दीर्घ. मग एक कागदाची पट्टी माझ्या कडेला चिकटवली आणि तिच्यावर बहिणीचं नाव लिहिलं, शाईनं. आणि स्वतःच्या नावापुढचा कंस एका रेघेत खोडला.

तिनं अक्षर न् अक्षर तपासलं. "आता चहा चालेल," म्हणाली.

आता मी भिंतीवर नसते. एका बाजूला वजन वाढल्यामुळे टांगली तर वाकडी लटकते, शिवाय दर रविवारी कामाला लागते. देखणी राहिले नाही, हे मान्य. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी सरळ रेघांची, टापटीप बाई टांगलेली असेल, तर तिच्यावर फार विसंबू नका. तिला काय, जेवढं सांगाल तेवढंच येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.

बरं, येते मी. दोघं टेबलाशी वाकलेत आणि वडिलांच्या फोटोवरून जुंपलीय. तिनं त्यांना फोटोतच पाहिलंय, तरी त्यांचं नाक आपल्याकडेच आलंय असं ठासून सांगतेय. मालक काहीतरी बोलायला जातात, तर म्हणते, "गप रे. मोठ्या बहिणीचं ऐकावं."

आणि सदुसष्ट वर्षांचा माणूस मुकाट ऐकतोय.