भोंग्याच्या मागे कोण उभं होतं?

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून ओरडायचा, पांढऱ्या कर्ण्याचा. म्हणजे एकेकाळी पांढऱ्या. आणि आधीच सांगून टाकतो, सध्या माझं डोकं काही ठिकाणावर नाही. माझी गोष्ट ऐकून नक्की बरोबर कोण ते तुम्हाला कळलं, तर मलाही सांगा बुवा.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, तो सोडा. कामाला लागलो ते फ्रान्समध्ये, ल्वार नदीकाठच्या एका बस डेपोत. संप चालू होता. कामगारांनी टोपी फिरवून वर्गणी काढली आणि मला विकत आणलं. ज्यानं मला पहिल्यांदा तोंडाला लावलं तो बसचालक रेमाँ. तेव्हा तो चाळिशीचा होता, आणि आवाज असा की मी नसतो तरी भागलं असतं! फाटकापाशी लाकडाच्या फळ्या पेटवलेल्या, जाळीवर सॉसेज चरचरतायत, आणि रेमाँ माझ्यातून गरजतोय, "पंचावन्नाव्या वर्षी घरी! वर एक दिवस नाही!" तीन आठवडे आम्ही दोघं ओरडलो. शेवटी नगरपालिकेनं मान्य केलं. लोकांनी रेमाँला खांद्यावर घेतलं आणि रेमाँनं मला. केवढा तो मान! आजही आठवलं की कर्णा भरून येतो.

पुढे रेमाँ खरोखरच पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. संप कमी झाले. मला कपाटावर टाकलं, वर घडी केलेले फलक रचले. बॅटऱ्या काढायचं कुणाला सुचलं नाही. त्या पोटातच फुटल्या आणि हिरवी बुरशी धरली. वर्षानुवर्षं कुणी विचारलंसुद्धा नाही.

मग गेल्या नोव्हेंबरात मला खाली काढलं, नव्या बॅटऱ्या घातल्या.

आमच्या डेपोच्या सभेची एक रीत आहे. पहिला शब्द सगळ्यात जुन्या निवृत्त माणसाचा. मत मात्र फक्त नोकरीत कायम झालेल्यांचं, तेही हात वर करून. शिकाऊ पोरं टेबलामागे भिंतीला टेकून उभी राहतात. त्यांना हात नाही आणि बोलणंही नाही. भोंग्याचं तोंड पुढे, मतदारांकडे. माझ्या पाठीमागच्यांना मी कधी बघितलंच नव्हतं, मग त्यांचं काय चाललंय हे मला कसं कळणार?

संघटनेची प्रमुख नादेज. तिनं नगरपालिकेचा प्रस्ताव वाचून दाखवला. आत्ता कायम असलेले लोक पूर्वीसारखेच पंचावन्नला सुटणार. जे जानेवारीपासून कायम होतील, ते चौसष्टला.

रेमाँ उठला. वय अठ्ठ्याहत्तर, पण डोक्यावर टोपी त्या संपातलीच. माझ्यातून म्हणाला, "साथींनो, एवढी वर्षं जे जपलं ते वाचतंय. घ्या पदरात पाडून!"

सगळे हात वर. सर्वांत आधी तिएरीचा. तिएरी म्हणजे बसखाली झोपून नटबोल्ट पिळणारा मेकॅनिक, वय चोपन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. वसंतात तो सुटणार होता.

"एकमतानं मंजूर!" नादेज म्हणाली. "पुढच्या मंगळवारी शेवटचं मत घेऊ, मग सही."

माझ्या आवाजात खरखर येत होती म्हणून रेमाँ मला घरी घेऊन गेला. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यानं माझं पोट उघडलं, कापूस व्हिनेगरमध्ये बुडवून बुरशी पुसायला बसला. समोर त्याची नात सोलेन, चीज घालून भाजलेलं बटाट्याचं ग्रातँ वाढून घेत होती. तेवीस वर्षांची, डेपोतच बस चालवायला शिकते. जानेवारीत कायम होणार.

"काय गं, तोंड का पाडलंयस? मंगळवारी जिंकलो ना आपण!" रेमाँ म्हणाला.

"तू जिंकलास, आजोबा. मी त्या खोलीत होते. बघितलंस तरी का मला?"

"होतीस? कुठे?"

"तुझ्या पाठीमागे. दोन हातांवर."

रेमाँनं कापूस बाजूला ठेवला.

"मी चौसष्टपर्यंत बस हाकायची," ती म्हणाली, "आणि माझ्या पगारातून पेन्शनसाठी कापतील ते तिएरीला मिळणार, तुला मिळणार. मिळू दे. पण मला कोण देणार?"

"अगं, मीही तीस वर्षं भरलेत की! फुकट खात नाही मी कुणाचं!"

"तू भरलेस ते तेव्हाच्या म्हाताऱ्यांना गेले, आजोबा. तेव्हा एका म्हाताऱ्यामागे चार कमावते होते. आता दोनही नाहीत."

मित्रांनो, मी तर चाटच पडलो. मला वाटायचं, कुठेतरी मोठी पेटी असेल, तिच्यात रेमाँचे पैसे रेमाँच्या नावानं पडून असतील. पेटी नाहीच म्हणे! आजचे आजच वाटून मोकळे. मग मी इतकी वर्षं कशासाठी ओरडत होतो? रेमाँ बोलला की मला रेमाँचं पटे, पोरगी बोलली की पोरीचं.

"मग काय करू? तिएरीच्या गुडघ्यांना सांगू, अजून थांबा म्हणून?" असं ओरडून रेमाँनं मला टेबलावर आपटलं. माझ्या मुठीला चीर गेली. त्यानं मला लगेच उचललं आणि चिरेवरून अंगठा फिरवला.

मंगळवारी पुन्हा सभा भरली. पहिला शब्द रेमाँचा. तो उभा राहिला, मला तोंडाशी नेलं, आणि अहो, त्यानं मला चक्क उलटं फिरवलं! मतदारांकडे पाठ, भिंतीकडे तोंड. आयुष्यात पहिल्यांदा मी ती पोरं पाहिली. नऊ जण होते.

"माफ करा रे," रेमाँ त्यांना म्हणाला. "मागच्या खेपेला मी तुमच्या जिवावर टाळ्या घेतल्या." मग त्यानं मला सोलेनच्या हातात दिलं.

"ए, हे रीतीत बसत नाही!" कुणीतरी ओरडलं.

"पहिला शब्द माझा आहे," रेमाँ म्हणाला. "तो मी हिला दिला."

सोलेननं मला पुन्हा मतदारांकडे वळवलं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही लवकर जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण तुमचं ओझं उतरवून सगळं आमच्याच डोक्यावर ठेवू नका. सगळे मिळून उचलू."

मग तिनं मला टेबलावर ठेवलं, तोंड भिंतीकडे. मत झालं. यावेळी नादेजनं मोठ्यानं एकेक हात मोजला. बाजूनं अठ्ठावन्न, विरुद्ध एकसष्ट. प्रस्ताव पडला. दोन आठवडे बोलणी चालली आणि नवं ठरलं: जुन्यांनी सत्तावन्नला जायचं, नव्यांनी साठला.

म्हणजे तिएरीला बसखाली आणखी दोन वर्षं. त्याचा हात त्या दिवशी कुठे होता, मी पाहिलं नाही. मी तर भिंतीकडे बघत होतो. रेमाँशी तो बोलेनासा झाला. कोपऱ्यावरच्या कॅफेत दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसतात म्हणे. सांगा, हा न्याय झाला की अन्याय? मी विचार करकरून थकलो.

एप्रिलात, ज्या दिवशी तो सुटणार होता त्याच दिवशी, तिएरी जेवणाच्या सुट्टीत संघटनेच्या खोलीत आला. एकटाच. गुडघा धरत खुर्चीवर चढला आणि मला कपाटावरून काढलं. मला वाटलं, आता हा मला जमिनीवर आदळणार. त्यानं खिशातून बसच्या वायरींना लावतात ती काळी पट्टी काढली आणि माझ्या मुठीची चीर नीट गुंडाळली, चार वेढे. बॅटऱ्या काढून बाजूला ठेवल्या. राग होता की माया, मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा एखादा भोंगा असेल. काम झालं की त्याच्या बॅटऱ्या काढून ठेवत जा. आणि हातात घ्याल तेव्हा, ओरडायच्या आधी, एकदा मागे वळून बघा कोण उभं आहे ते. मला ते फार उशिरा दिसलं.